अडतीसशे तास

वैमानिकाचं आयुष्य तासांत मोजतात. प्रत्येक उड्डाणानंतर तो आपल्या लॉगबुकात तारीख, विमान आणि हवेत घालवलेला वेळ लिहितो आणि बेरीज पुढच्या पानावर ओढतो. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत आलेल्या त्यांच्या परिचयात ही बेरीज होती: ३८०० तासांहून अधिक. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३० ही चालवलेली विमानं. ऑपरेशन मेघदूत आणि ऑपरेशन सफेद सागर, म्हणजे सियाचीन आणि कारगिल, या दोन्हींत सहभाग. आणि मूळ गाव हस्तरा, तालुका हदगाव, जिल्हा नांदेड.

या शेवटच्या ओळीवर नांदूरघाटात बसलेला माझ्यासारखा मास्तर जास्त वेळ थांबतो. हस्तरा काही आमच्या शेजारचं नाही, पण माती आपलीच, मराठवाड्याची. त्या गावाचं नाव देशाच्या वायुसेनाप्रमुखाच्या परिचयात आलं याचा आनंद मला आजही होतो.

पण मन अडकलं ते त्या बेरजेत. ३८०० तास अखंड धरले तर १५८ दिवस होतात. चौधरी यांना लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन मिळालं २९ डिसेंबर १९८२ ला, आणि ते निवृत्त झाले ३० सप्टेंबर २०२४ ला. मधे पावणेबेचाळीस वर्षं, पंधरा हजारांवर दिवस. त्यातले जेमतेम एकशेसाठ आकाशातले, शंभर दिवसांत एक. उरलेले नव्याण्णव जमिनीवर गेले. आपल्या डोळ्यांपुढे हवाई अधिकारी म्हटलं की तो एकच दिवस येतो: काच ओढून घेतलेला, चेहऱ्यावर मुखवटा असलेला, ढगांच्या वर गेलेला माणूस. त्या एका दिवसासाठी जमिनीवर काय काय होतं, कोण कोण उभं असतं, आणि माणूस जसजसा मोठ्या हुद्द्यावर जातो तसतसा तो एक दिवसही त्याच्या हातून कसा सुटत जातो, हे मला सांगावंसं वाटतं.

आमच्या केज तालुक्यात वर बघायचं ते पावसासाठी. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा मुलूख. जमीन कुठे काळी, कुठे मुरमाड. सोयाबीन, तूर, कापूस, ज्वारी. मृग कोरडा गेला की माणसं दिवसातून कितीदा तरी मान वर करतात. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसाचं विमान औरंगाबादहून मराठवाड्यावर उडत होतं, तेव्हा लोकांनी त्या विमानाची वाट पाहिली. एरवी इथल्या आकाशात विमान दिसतं ते फार उंचावर, पांढरी रेघ मागे सोडत जाणारं, कुठल्या तरी दोन मोठ्या शहरांच्या मधलं. बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, कित्येक पिढ्यांच्या मागणीनंतर. जिथे आगगाडी यायला इतकी वर्षं लागली तिथल्या पोराने लढाऊ विमान चालवायचं मनात आणणं ही लहान गोष्ट नाही. आणि अशी पोरं इथे आहेत. पहाटे डांबरी रस्त्याने धावणारी, भरतीच्या तारखा पाठ असलेली.

चौधरी कुटुंब हस्तऱ्याहून हैदराबादला गेलं. मराठवाड्यातून हैदराबादला जाणं हे जुनंच आहे. १९४८ पर्यंत आपली राजधानी तीच होती, शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला माणसं तिकडेच जात. घर सोडून जाणं बीडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. एक कुटुंब उसाच्या फडात जातं आणि एक शहरात मुलांना शिकवायला जातं, यात किती अंतर आहे ते मी जाणतो. उचल घेऊन निघालेल्या माणसाला आपलं पोर कुठे शिकेल हे ठरवता येत नाही. पण घराला कुलूप लावून निघताना आईच्या मनात पोराबद्दल जे असतं ते दोन्हीकडे एकच असावं.

हैदराबादहून पुढे खडकवासला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिला सगळे एनडीए म्हणतात. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात तिथे शिरावं लागतं. दारातच एक कठोर नियम उभा आहे, तो गावाकडच्या मुलांना मी आवर्जून सांगतो. लेखी परीक्षा आणि निवड मंडळाची मुलाखत यांत पडलं तर पुन्हा बसता येतं. पण विमान चालवण्याची मूळ क्षमता तपासणारी जी चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात जो पडला त्याला वैमानिक होण्यासाठी पुन्हा बसता येत नाही. हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी वेगवेगळी कामं करू शकतात का, एवढंच तिथे पाहतात. आणि हे शिकवणीने येत नाही असं वायुसेना मानते. म्हणून हस्तऱ्याच्या पोराला आणि दिल्लीच्या पोराला ती सारखीच लागते. निदान त्या चाचणीपुरती.

चौधरींना कमिशन मिळालं ते १९८२ साल वायुसेनेच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्या वर्षी एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने वाढत्या अपघातांचा अभ्यास करून एक गोष्ट स्पष्ट सांगितली: मुलांना संथ प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ वर बसवू नका, मधे एक प्रगत जेट प्रशिक्षण विमान आणा. मिग-२१ हे देशाचं पहिलं स्वनातीत विमान. १९६३ मध्ये आलं, पुढे आपल्याच नाशिकजवळ ओझरला बनू लागलं. चपळ, लहान पंखांचं आणि उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग मागणारं. विशी-बाविशीतल्या मुलाला ते माफ करत नसे. समितीने मागितलेलं प्रशिक्षण विमान, हॉक, देशात आलं २००८ मध्ये. सव्वीस वर्षांनी! त्या मधल्या काळात तयार झालेली वैमानिकांची प्रत्येक तुकडी ती दरी स्वतःच्या अंगाने ओलांडत होती. चौधरींची पिढी त्यातलीच.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांतले ८ जण दगावले. या १७१ मध्ये आपल्या मराठी घरांतली मुलं आहेत. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री मिग-२१ च्या अपघातात गेला. चौकशीने दोष वैमानिकाच्या दिशाभ्रमाला दिला. मुंबईत राहणाऱ्या त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, ते मान्य केलं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था उभी केली, मिगच्या जुनेपणावर देशाला बोलायला लावलं. वायुसेनेच्या एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचं चरित्र लिहायचं तर त्यात या आईला एक प्रकरण द्यावं लागेल असं मला वाटतं. कारण एअर मार्शल, एअर चीफ मार्शल या हुद्द्यांपर्यंत जो पोचतो तो आधी प्रत्येक उड्डाणातून परत आलेला असतो. त्याच्याबरोबर मेसमध्ये जेवलेले, शेजारच्या खाटेवर झोपलेले काही जण परत आलेले नसतात. त्याच्या छातीवरच्या पट्ट्यांत त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. पण वरच्या खुर्चीत बसून सुरक्षेच्या कागदावर सही करताना त्याला ते आठवत असणार. आठवलेच पाहिजेत.

दिशाभ्रम या गोष्टीवर इथे थोडं थांबतो.

चौधरी लढाऊ वैमानिक होते तसेच वैमानिकांचे शिक्षकही होते. उड्डाण शिकवणाऱ्यांना जिथे शिकवतात त्या तांबरमच्या संस्थेत त्यांनी शिकवलं. केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालवण्याची पात्रता जी असते, ती शिकवण्याचा आणि तिची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. ही पात्रता का लागते? माणसाचा कान फक्त ऐकत नाही, तोल सांभाळतो. आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव हलला की मेंदूला कळतं आपण कुठे झुकलोय. जमिनीवर हे ठीक चालतं कारण डोळे साथीला असतात, क्षितिज दिसतं. विमान ढगात शिरलं की क्षितिज जातं. मग हळू वळण घेत असलेल्या विमानात शरीर सांगतं, सरळ चाललोय. वळण थांबलं की शरीर सांगतं, उलटीकडे कलतोय. वैमानिक ते ऐकून विमान सरळ करायला जातो आणि खाली घेऊन जातो. उपाय एकच: समोरच्या तबकड्या जे सांगतात ते खरं मानायचं आणि आपलं अंग जे ओरडून सांगतंय ते खोटं मानायचं. हे म्हणायला सोपं आहे. प्रत्येक स्नायू एक सांगत असताना एका काट्यावर विश्वास ठेवायचा, हे धाडसापेक्षा कठीण आहे असं मी समजतो. धाडस अंगातून येतं, इथे अंगालाच नाही म्हणायचं असतं.

हेच ज्याने मुलांना शिकवलं, त्याच्यापुढे प्रमुख झाल्यावर जेमतेम सव्वादोन महिन्यांत काय आलं पाहा. ८ डिसेंबर २०२१. तामिळनाडूत कुन्नूरजवळ वायुसेनेचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात देशाचे पहिले संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी, अधिकारी, जवान असे १४ जण होते. १३ त्याच दिवशी गेले. ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवडाभर झुंजून १५ डिसेंबरला गेले. तिन्ही दलांच्या चौकशीने जानेवारीत प्राथमिक निष्कर्ष दिला: यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता. दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही. ज्या गोष्टीशी हा माणूस उमेदीच्या वर्षांत वर्गात आणि हवेत लढला, तीच त्याच्या कारकिर्दीच्या माथ्यावर अशी येऊन उभी राहिली.

हुद्दा वाढत जातो म्हणजे काय होतं? फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर या वयात माणूस जवळजवळ रोज हवेत असतो. विंग कमांडर म्हणून त्याच्या हाती स्क्वाड्रन येते. ही वैमानिकाच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं, कारण तो अजून उडतो आहे आणि आपल्यामागे उडणाऱ्यांना ओळखतो आहे. ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर झाला की तळ सांभाळायचा: धावपट्टी, इंधन, दारूगोळा, घरं, शाळा, पाणी. एअर व्हाइस मार्शलपासून पुढे टेबल. लॉगबुकाची पानं हळू भरू लागतात. चौधरी यांची वाटही अशीच गेली: लढाऊ स्क्वाड्रन, लढाऊ विमानांचा तळ, मधे आफ्रिकेत झांबियाच्या स्टाफ कॉलेजात शिकवणं, मग वायुसेना अकादमीतलं उपप्रमुखपद, मुख्यालयातली खाती, शिलाँगचं पूर्व हवाई कमान मुख्यालय. ज्या कामासाठी मुलाने सोळाव्या वर्षी घर सोडलं ते काम, चांगलं केल्याचं बक्षीस म्हणून, त्याच्याकडून काढून घेतलं जातं आणि दुसऱ्यांनी ते नीट करावं ही जबाबदारी दिली जाते. शेतात बाप औत पोराच्या हाती देऊन बांधावर उभा राहतो, तेव्हा त्याचे हात रिकामे असतात पण लक्ष फाळावरच असतं, तसं ते असावं.

१ ऑगस्ट २०२० ला ते पश्चिम हवाई कमानचे प्रमुख झाले. लडाखपासून राजस्थानपर्यंतचं आकाश या कमानच्या ताब्यात. तारीख बघा: गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान पडले ते १५ जूनच्या रात्री. फ्रान्सहून पहिली पाच राफेल विमानं अंबाल्याला उतरली २९ जुलैला. म्हणजे चीनसमोर सैन्य उभं, नवी विमानं दारात आलेली, आणि कमान नव्या हातात. त्या काळात वायुसेनेने लडाखमध्ये किती माणसं आणि सामान पोचवलं त्याचे आकडे २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आले: ६८ हजारांहून अधिक सैनिक आणि ९० च्या आसपास रणगाडे. एक रणगाडा चाळीस-पंचेचाळीस टनांचा. तो विमानाच्या पोटात घालून जवळपास अकरा हजार फुटांवरच्या लेहच्या धावपट्टीवर उतरवायचा, जिथे हवा विरळ म्हणून इंजिनाचा जोर कमी आणि दुपारी वारा सुटतो म्हणून काम सकाळीच उरकायचं. याचं छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही. लढाऊ विमानाचं लावतात. पण थंडी पडायच्या आत त्या उंचीवर माणसं, रॉकेल, तंबू, दाणागोटा पोचला म्हणून समोरच्याला पुढे येता आलं नाही, अशी माझी समजूत आहे.

प्रमुखपदाच्या तीन वर्षांत अभिमानाचे दिवस आले. सुदानमध्ये यादवी पेटली तेव्हा २७ एप्रिल २०२३ च्या रात्री वायुसेनेचं सी-१३०-जे विमान खार्टूमच्या उत्तरेला वाडी सैयदनाच्या धावपट्टीवर उतरलं. धावपट्टी खराब, दिवे नाहीत, उतरायला मदत करणारी यंत्रणा नाही. वैमानिकांनी अंधारात पाहता येणाऱ्या चष्म्यांवर विमान उतरवलं, इंजिनं चालूच ठेवली आणि १२१ जणांना घेऊन निघाले. त्यात एक गरोदर बाई होती.

आणि मान खाली जावी असा दिवसही आला. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कोणी दगावलं नाही. पण दोन अण्वस्त्रधारी देशांमधली ही चूक होती. चौकशी झाली, ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. प्रमुखाने ते बटण दाबलेलं नव्हतं. तरी दलाच्या नावावर लागलेला डाग त्याच्या काळातला म्हणूनच लिहिला जातो. ज्या दलाला मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रन हव्यात तिथे तेव्हा ३१ च्या आसपास उरल्या होत्या, हा हिशोबही त्यानेच सांभाळायचा. त्याच्या आधीच्यांनी सांभाळला, नंतरच्यांनीही. प्रमुखांच्या यादीत मराठी नावं आधीही होती: १९७६ ते १९७८ हृषीकेश मुळगावकर, कारगिलच्या वेळी अनिल यशवंत टिपणीस, २००९ पासून दोन वर्षं प्रदीप वसंत नाईक. टिपणीस यांच्यापुढे १९९९ मध्ये सरकारची अट होती की नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. शत्रू शिखरावर, वळायला जागा नाही, आणि रेषा डावीकडे की उजवीकडे हे वैमानिकाने क्षणात ठरवायचं. ती अट पाळून वायुसेनेने मोहीम पुरी केली. तेव्हा चौधरी चाळिशीच्या आतले होते, त्याच मोहिमेत.

नांदूरघाट परिसरातलं एखादं पोर 'एअर फोर्समध्ये लागलं' की गाव समजतं, ते विमान चालवतं. आई तसंच सांगते, आणि सांगू द्यावं. खरं म्हणजे वायुसेनेतली बहुतेक माणसं कधी विमान चालवत नाहीत. ती इंजिन उघडतात, रडार पाहतात, बॉम्ब लावतात, धावपट्टीवरचे खडे वेचतात, कारण एक खडा इंजिनात ओढला गेला तर विमान जातं. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, फॉर्म ७००. इंजिनवाल्याने, विद्युतवाल्याने, शस्त्रवाल्याने, आपापलं काम तपासून तीत सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. तो स्वतः इंजिन उघडून बघत नाही. बघायला वेळ नसतो आणि तेवढं ज्ञानही नसतं. तो त्या सह्यांवर बसून ताशी दोन हजार किलोमीटरने जातो. चौधरी यांचे ३८०० तास अशा हजारो सह्यांवर उभे आहेत, आणि त्यातल्या कित्येक सह्या अशाच कुठल्या तरी गावाच्या, दहावी-बारावी झालेल्या, विशीतल्या पोरांच्या असणार. त्यांच्यापैकी कोणाच्याही परिचयात तास छापून येत नाहीत. मला विचाराल तर मी त्या पोरांनाही हवाई योद्धेच म्हणतो. वायुसेनाही तेच म्हणते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ कायमचं उतरलं. बासष्ट वर्षांची सेवा. ओझरच्या कारखान्यात त्यावर काम केलेले कितीतरी जण आज नाशिकच्या गल्ल्यांत नातवंडं खेळवत असतील.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी पुढचा रस्ता सांगतो. सैन्यदलांत अधिकारी व्हायची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आपल्याच छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून आहे, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, एसपीआय. दहावीनंतर प्रवेश परीक्षा, मग अकरावी-बारावी तिथे, आणि बारावीत एनडीएची परीक्षा. ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना माहीत असते, आणि माहीत होते तेव्हा बहुतेक वेळा अर्जाची तारीख गेलेली असते. मला याचा राग येतो. हंगामी वसतिगृहात राहणारी, आईबाप फडात असलेली मुलं माझ्यासमोर बसतात, गणितात तल्लख असतात, आणि त्यांच्यापर्यंत एक कागद वेळेवर पोचत नाही.

यंदा दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तिथं पोरींला घेतेत का?"

घेतात. एनडीएने २०२२ पासून मुली घ्यायला सुरुवात केली, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. लढाऊ वैमानिक म्हणून मुलींना कमिशन २०१६ पासून. मुलींसाठी नाशिकला वेगळी एसपीआय २०२३ पासून. मी हे सांगत होतो आणि ती वहीत तारखा लिहीत होती. खाली रेघ मारून तिने विचारलं, चष्मा असला तर? मी म्हटलं, वैमानिकासाठी नजरेचे नियम कडक आहेत, तुझी आधी तपासून घेऊ. आणि नजरेत अडलं तर विमान सांभाळणाऱ्या, हवामान सांगणाऱ्या, रडार पाहणाऱ्या शाखाही आहेत. ती म्हणाली, आधी नजर तपासू.

घरच्यांची परवानगी हवी होती. तिचे आईवडील कर्नाटकातल्या एका कारखान्यावर. तिच्या आजीच्या फोनवरून लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, वाढं बांधायचं काम चाललं असावं. मी सगळं सांगितलं: परीक्षा, मुलाखत, नाशिक, दोन वर्षं, मग पुढची परीक्षा. तिची आई मधे काही बोलली नाही. मग विचारलं, "खर्च किती येतोय सर?" मी सांगितला. "अन् पडली तर?"

"पडली तरी बारावी होतीच की, ताई. पुढे दुसऱ्या वाटा आहेत."

"तिला सांगा मी हो म्हणले. बापाचं मी बघते," ती म्हणाली. "आमचा पट्टा पडायला, कारखाना बंद व्हायला अजून दोन महिने हायेत. तोवर थांबू नका, फारम भरून टाका."